बहीण हॉलमध्ये कामाला होती तेव्हा

माझ्या धाकट्या बहिणीला नोकरी लागली ती बाहेरून आलेल्या एका बाईच्या प्रश्नामुळे.

कारंज्याच्या अलीकडे, हमरस्ता सोडून थोडं आत गेलं की संत्र्याची प्रतवारी करून खोक्यांत भरणारा एक कारखाना लागतो. आम्ही त्याला नुसतं 'हॉल' म्हणतो. मी तिथे पट्ट्यावर कामाला होते. पट्ट्यावरून संत्री सरकत येतात. डागी, नरम, फुटलेली आपण हाताने काढून टाकायची आणि बाकीची पुढे जाऊ द्यायची. एकदा माल घेणाऱ्या कंपनीकडून एक मॅडम पाहणीला आल्या. त्यांनी पाण्याची टाकी पाहिली, बायकांचा संडास पाहिला, आमच्याशी दोन शब्द बोलल्या आणि जाता जाता मालकांना विचारलं, "तुमच्याकडे दिव्यांग कामगार किती आहेत?"

मालक आमच्या रांगेकडे बघू लागले. आमच्यातली एखादी आपल्याला न सांगता अपंग निघेल, अशी त्यांना आशा असावी. कोणीच निघालं नाही. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वेळी असायला हवेत. कंपनीचं तसं धोरण आहे."

त्यांची गाडी गेल्यावर मी मालकांच्या केबिनच्या दारात जाऊन उभी राहिले.

"साहेब, माही लहान बहीण हाये घरी. तिले ऐकू येत नाई, बोलता येत नाई. पण कामाले लय चलाख हाये."

"तिले समजन का काम?"

"मी समजावून सांगीन ना."

मालक कारंज्याच्या जुन्या व्यापारी घरातले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी गॉगल डोक्यावर सरकवला आणि म्हणाले, "घेऊन येजो सोमवारी."

माझी बहीण वर्षाची असताना तापाने फणफणली होती. ताप उतरला आणि कान गेले. आमचं घर भाजीपाल्याचं. वांगी, मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. वडील माल घेऊन कारंज्याच्या बाजारात बसायचे आणि आई मळा सांभाळायची. बहिणीला गावच्या शाळेत घातलं होतं. चौथीपर्यंत ती वर्गात बसली, म्हणजे नुसती बसलीच. गुरुजी फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. मूकबधिरांची शाळा लांब होती आणि पोरगी एकटी वसतिगृहात कशी राहील, म्हणून वडिलांनी पाठवली नाही. मग ती मळ्यातच राहिली.

तिच्या-माझ्यात मात्र बोलणं होतं. लहानपणापासून आम्ही दोघींनीच ते जमवत आणलं होतं. नाकाच्या खड्याला बोट लावलं की आई. खांद्यावरचा दुपट्टा झटकला की वडील. जिभेला बोट लावलं की खोटं बोलणं. बाजारात जायचं, पोट दुखतं, मला राग आलाय, ती शेजारीण आगाऊ आहे, असं सगळं आम्हाला बोलता यायचं. आईला त्यातलं जेवणापुरतं, कामापुरतं येत होतं. वडिलांना तेवढंही नाही. ते तिच्याशी मोठ्याने बोलायचे. इतकी वर्षं झाली तरी मोठ्याने.

सोमवारी आम्ही दोघी ऑटोत बसून निघालो, तेव्हा ती माझी इस्त्रीची साडी नेसली होती. मी तिला हाताने सांगितलं, रोज पंजाबी ड्रेस चालतो. तिने मान हलवली. पहिल्या दिवशी साडीच, असं तिचं म्हणणं होतं.

सुपरवायझरने तिला कोपऱ्यात खोकी घडी करायला बसवलं. "पट्ट्यावर नोको," तो म्हणाला, "तिले का समजते? मशीनमंदी हात गेला तर मले विचारतीन." ती आठवडाभर भिंतीकडे तोंड करून खोकी उभी करत राहिली. एके दिवशी मी वडिलांसोबत दवाखान्यात गेले होते म्हणून सुट्टीवर होते. जेवणाची घंटा झाली. पट्टा थांबला, बायका डबे घेऊन बाहेर लिंबाखाली गेल्या. तिला घंटा ऐकू गेली नाही. खोकी रचून रचून तिच्यासमोर भिंत झाली होती, त्यामुळे हॉल रिकामा झाल्याचंही दिसलं नाही. जेवण उरकून बायका परत आल्या तेव्हा ती तशीच खोकी उभी करत होती.

आमच्यात एक वयस्कर बाई होती. सगळ्या तिला मावशी म्हणायच्या. तोंडाने फटकळ. दुसऱ्या दिवशी तिने मला दारातच धरलं.

"कावो, तुही बहीण काल उपाशी राह्यली. आमाले वाटलं, आली असन मागून. मले दाखव बरं, जेवाले चाल, हे कसं सांगाचं?"

मी दाखवलं. मावशीने तिथेच, सगळ्यांच्या समोर, ते करून पाहिलं. मग पाण्याचं विचारलं, मग 'थकली का' हे विचारलं. त्या दिवसापासून घंटा झाली की मावशी स्वतः उठून कोपऱ्यात जायची आणि माझ्या बहिणीच्या खांद्यावर हात ठेवायची. आणि मावशीनेच सुपरवायझरशी भांडून तिला पट्ट्यावर, आपल्या शेजारी आणून उभी केली. "हात गेला तर माहा जाईन," ती म्हणाली, "तू जाय तिकडे."

हॉलमध्ये मशीनचा आवाज इतका असतो की शेजारणीच्या कानात ओरडावं लागतं. बायकांच्या लवकरच लक्षात आलं की हाताने बोललं तर ओरडावं लागत नाही. मग खुणा पसरल्या. पट्ट्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सांगू लागली की घरी पाहुणे आलेत, लवकर जायचंय. सुपरवायझर सतत तंबाखूचा खर्रा घोटायचा, म्हणून तळहातावर अंगठा घासला की तो येतोय असं समजायचं. माझी बहीण नवनव्या खुणा करून द्यायची आणि बायका हसून हसून लोळायच्या. हसताना ती तोंडावर हात धरायची, पण डोळे लपत नव्हते. घरी कोणी तिच्या बोलण्यावर हसलेलं मी पाहिलं नव्हतं. तिला विनोद करता येतात हे मलाही तिथेच कळलं.

पुढच्या पाहणीला मॅडम आल्या तेव्हा खूश झाल्या. सोबत फोटोवाला होता. बहिणीच्या हातात दोन संत्री देऊन त्याने फोटो काढला. तो मोठा करून मालकांनी केबिनबाहेर लावला. खाली लिहिलं होतं, 'आम्ही सर्वांना सामावून घेतो.' मी तिला अर्थ सांगितला. दोन्ही हातांनी कवेत घेतल्यासारखं करून दाखवलं. तिने माझ्याकडे बघून जिभेला बोट लावलं आणि हसली. तरी फोटोवर ती खूश होती. जाता-येता बघायची.

फोटो लागल्यावर मालकांनी आणखी एकाला घेतलं. तो आर्वीचा, क्रेट उचलायच्या कामावर. त्यालाही ऐकू येत नव्हतं, पण तो नागपूरला मूकबधिरांच्या शाळेत शिकला होता. पहिल्याच दिवशी लिंबाखाली तो आमच्यासमोर बसला आणि बहिणीशी हाताने बोलू लागला. हात इतके भरभर चालत होते की मला काही सुधरेना. बहिणीलाही सुधरेना. आमच्या दोघींच्या खुणा म्हणजे घरातलं बोलणं. त्याची भाषा देशभरातल्या ऐकू न येणाऱ्या माणसांची होती. तिला तशी भाषा असते हेच माहीत नव्हतं. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली, डबा उघडायचीही विसरली.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत शिकणं सुरू झालं. बोटांनी अक्षरं, अक्षरांचे शब्द. काल, उद्या, समजा असं झालं तर, मला वाटतं. हे असलं सांगायला आमच्या घरच्या खुणांत काही नव्हतंच. 'समजा' हा शब्द तिला चोविसाव्या वर्षी मिळाला. संत्र्याचा एक हंगाम संपून दुसरा लागेपर्यंत ती त्याच्याशी इतकं बोलू लागली की मी शेजारी बसून भाकर खायची आणि मला त्यातलं निम्मंही कळायचं नाही. दोघं हसायची, मी विचारायची काय झालं, आणि ती मोठ्या माणसाने पोराला सांगावं तसं थोडक्यात सांगायची. मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतंय म्हणून हसूही यायचं. वडिलांना इतकी वर्षं घरात कसं वाटत असेल ते मला तेव्हा समजलं.

लग्नाचं बोलणं त्याच्या आईने काढलं. ती आमच्या घरी येऊन गेली, मळा पाहून गेली. आईने तिला वांगी बांधून दिली. जात वेगळी होती, त्यामुळे वडिलांनी आठ दिवस विषय काढू दिला नाही. मग एका सकाळी म्हणाले, "पोरगी खुश हाये ना? मग लोकायचं का घेऊन बसाचं." मी हे बहिणीला सांगितलं. तिने उठून वडिलांच्या दुपट्ट्याचं टोक धरलं आणि नुसती उभी राहिली.

हॉलच्या मागे अंगण आहे. शेतातून माल घेऊन आलेल्या गाड्या तिथे मागे मागे येत धक्क्याला लागतात. पाण्याची टाकी आणि संडास अंगणाच्या पलीकडे, म्हणजे जायचं तर गाड्यांमधूनच जायचं. आम्ही हॉर्न ऐकून बाजूला व्हायचो. त्या दोघांचं काय? मी सुपरवायझरला म्हटलं होतं, गाडी मागे घेताना एक माणूस उभा करा, नाहीतर लाल दिवा लावा, पेटला की दोघांना दिसेल. मावशीनेही म्हटलं. तो आर्वीचा मुलगा तर कागदावर चित्र काढून मालकांकडे गेला होता: दिवा कुठे, आरसा कुठे, चालायचा पट्टा कुठून आखायचा. मालकांनी चित्र पाहिलं, चांगलं आहे म्हणाले. "सीझन होऊ दे, मंग करू."

सीझन जोरात होता. दुपारी जेवणानंतर बहीण पाण्याची बाटली घेऊन मागे गेली. मी पट्ट्यावर होते. मशीन चालू होतं. त्या सगळ्या आवाजावरून एक ओरडणं आलं, असं की प्रत्येकीचे हात जागच्या जागी थांबले. तो माणसाचा आवाज आहे हेही पटकन कळलं नाही. तो त्या मुलाचा आवाज होता. क्रेटच्या थप्पीजवळून त्याला मागे येणारी गाडी दिसली होती आणि गाडीकडे पाठ करून नळाला बाटली लावलेली माझी बहीण दिसली होती. तो धावत ओरडत सुटला. त्याचा आवाज सगळ्या हॉलने ऐकला. ड्रायव्हरनेही ऐकला, ब्रेक लावला, पण उशीर झाला होता.

कारंज्याला दवाखान्यात नेईपर्यंत तिचा हात माझ्या हातात होता. तिची बोटं हलत होती. ती काही सांगत होती की नुसतीच हलत होती, मला सांगता येणार नाही. थोड्या वेळाने ती हलायची थांबली.

तेरवीला भिंतीला लावायला तिचा मोठा फोटो घरात नव्हता. हॉलमधलाच आणला. खालचं लिहिलेलं कापून टाकलं.

मालक घरी आले होते. ओसरीवर खाली बसले. रडले, खोटं रडले असं मी म्हणणार नाही. मग वडिलांना म्हणाले, "चूक माहीच झाली, काका. अशा पोरीले कामावर घ्यायलेच नोको होतं मी."

आई आतून बाहेर आली आणि मालकांकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, "तूनं काऊन नेलं तिले? मळ्यात होती तर का वाईट होती?"

याचं उत्तर मी तिला दिलं नाही. माझ्याकडे ते आहे. मळ्यात राहिली असती तर ती आज असती, हे खरं आहे. पण मावशीला हसवणारी, त्या मुलाशी 'समजा' म्हणून गोष्टी रचणारी जी बहीण मी दोन वर्षं पाहिली, ती मळ्यात नव्हती. तिला नेलं ही माझी चूक आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. तरी आई तसं म्हणाली की मला तिच्याकडे बघवत नाही.

तेरवीनंतर मी हॉलवर गेले तेव्हा तो मुलगा तिथे नव्हता. मावशी म्हणाली, त्याला येऊ नको सांगितलंय. त्याच्याच भल्यासाठी, असं सांगितलंय. मी आणि मावशी केबिनमध्ये गेलो. आमच्यामागून पट्ट्यावरच्या बाकी बायकाही येऊन दारात उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, "साहेब, त्यानं काय केलं?"

"त्यानं काई नाई केलं. पण मी पुन्हा रिस्क नाई घेऊ शकत. उद्या त्याले काई झालं तर?"

"दिवा लावला असता तर तिलेई काई झालं नसतं. चित्र तुमच्या हातात दिलं होतं त्यानं."

मालक टेबलाकडे बघत राहिले. "दिवा लावतो," ते म्हणाले. "आरसाई लावतो. तू म्हणशीन ते करतो."

"मंग त्याले बोलवा."

"ते नाई होत."

मावशी पुढे झाली. "साहेब, ज्यायच्यासाठी दिवा लावून राह्यले, त्यायलेच काढून टाकता? मंग लावता कोणासाठी?"

त्यांनी त्या मुलाला बोलावलं नाही. पण दिव्याचा शब्द पाळला. त्याच आठवड्यात लाल दिवा लागला, गोल आरसा लागला, अंगणात पिवळ्या रंगाने चालायची वाट आखली. एका दुपारीत सगळं झालं. आम्ही पट्ट्यावरून उठून बघायला गेलो. रंग ओला होता, म्हणून कोणी त्यावर पाय ठेवला नाही. मावशी तिथेच खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मला वाटतं तिला जे वाटलं तेच मला वाटत होतं: हे इतकं सोपं होतं.

मॅडम पुन्हा आल्या. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांचे डोळे भरले, त्यांनी लिहून घेतलं, वर कळवते म्हणाल्या. काही झालं नाही. पुढे पाहणीला दुसरेच कोणी साहेब आले.

तो मुलगा बऱ्याच दिवसांनी आमच्या घरी आला. सोबत त्याची आई होती. माझी आई सूप घेऊन मेथी निवडत होती, तिने वर पाहिलं नाही. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि हाताने बोलू लागला. मी जमेल तसं सांगत गेले. तो म्हणत होता, ती तुमच्याबद्दल सांगायची. तुमच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीबद्दल सांगायची. लहानपणी विहिरीजवळ तुम्ही तिला मारलं होतं आणि मग जवळ घेऊन खूप रडला होता, तेही सांगितलं. आईचे हात थांबले. विहिरीची गोष्ट मलाही माहीत नव्हती. बहिणीला ती कोणाला सांगता येईल असे शब्द त्याच्याकडूनच मिळाले होते.

बोलताना तो सारखी एक खूण करत होता. करंगळीचं टोक वरच्या समोरच्या दोन दातांना लावायचं आणि पंजा उघडायचा. मला ती कळेना. मी विचारलं. त्याने माझ्याकडे आश्चर्याने बघितलं आणि सावकाश, अक्षरं लावत सांगितलं की ते तिचं नाव आहे. समोरच्या दातांत फट होती ना तिच्या, हसली की दिसायची. म्हणून त्याने ठेवलं होतं. त्याच्या नागपूरच्या मित्रांना तिची हीच ओळख होती. फोनवर व्हिडिओ लावून तिने त्या सगळ्यांना स्वतः सांगितलं होतं.

आम्ही बारशाला ठेवलेलं नाव तिला कधी ऐकूच गेलं नव्हतं. आम्ही तिला बोलवायचं म्हणजे पाय आपटायचो, नाहीतर खांद्याला हात लावायचो. त्या खुणेचा अर्थ मी आईला सांगितला. आईने मेथीचा हात पदराला पुसला आणि करंगळी दातांना लावून बघितली. चुकली. त्याने तिचा हात धरून बरोबर करून दिली.

आता तो नागपूरला एका छापखान्यात असतो. तिथे त्याच्यासारखे आणखी आहेत म्हणतो. रविवारी माझ्या फोनवर व्हिडिओ लावतो, आणि मी आईसमोर फोन धरते. पोटच्या पोरीसाठी आई जेवढ्या खुणा शिकली नाही तेवढ्या या मुलामुळे शिकली, हे तिला कळतं. एकदा ती मला तसं म्हणालीही. पण 'तूनं काऊन नेलं तिले' ही गोष्ट आमच्यात अजून तशीच आहे. तिने शब्द मागे घेतला नाही आणि मी मागितला नाही.

हॉलवर मी अजून जाते. मावशीचे गुडघे गेले, ती घरी बसली. दर हंगामाला नव्या बायका येतात आणि मशीनच्या आवाजावरून ओरडून बोलतात. मी त्यांना खुणा शिकवून पाहिल्या. त्या दोन दिवस हसून करतात आणि सोडून देतात. त्यांना गरज नाही.

गेल्या रविवारी त्याने सांगितलं की त्याचं लग्न ठरलं. मुलगी यवतमाळकडची, तिलाही ऐकू येत नाही, शिवणकाम करते. सांगताना तो आईच्या चेहऱ्याकडे बघत होता. आईने दोन्ही हात वर करून त्याच्या भाषेत टाळ्या वाजवल्या, म्हणजे पंजे हलवले. मग विचारलं, सून घेऊन कधी येतोस? तो म्हणाला, चैत्रात. आईने चांगलं म्हटलं, मला फोन बंद करायला सांगितला आणि मागल्या दाराने मळ्यात गेली. बऱ्याच वेळाने मी चहा घेऊन गेले तेव्हा ती वांग्याच्या ओळीत बसलेली होती. तोडायला वांगी नव्हती, ती सकाळीच बाजारात गेली होती. मी चहा तिच्याजवळ ठेवला आणि बाजूला बसले.